सापळ्यात पाखरू नव्हतं

लोकांना शहाणपण शिकवण्याचा पगार मला सरकार देतं. मी कृषी सहायक आहे. मलकापूरकडच्या सात-आठ गावांत माझी मोटारसायकल फिरते आणि कपाशीच्या हंगामात माझ्या तोंडी एकच वाक्य असतं: आधी मोजा, मग फवारा. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही पंप पाठीला लावायचा नाही. सापळ्यात रात्रीतून किती पतंग अडकले ते बघायचं, शेतातून वीस बोंडं तोडून फोडायची, किडकी किती निघाली ते मोजायचं. ठरलेल्या आकड्याच्या खाली असेल तर गप घरी बसायचं. उगाच मारलेलं औषध चांगले किडेही मारतं, आणि जी अळी त्यातून वाचते ती पुढे त्या औषधाला दाद देत नाही.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की गावातली पोरं माझी नक्कल करतात. मला ती आवडते. आमच्या बौद्धपुऱ्यातून शेतीचा डिप्लोमा करून नोकरीला लागलेला मी पहिला. ज्यांच्या वावरात माझ्या बापानं जन्मभर निंदण-वखरण केलं, त्यांची पोरं आता बांधावर उभी राहून मला विचारतात, "साहेब, फवारू का?" मी लगेच उत्तर देत नाही. थोडा वेळ खातो. ते सुख कोणाला सांगून कळायचं नाही. एक पथ्य मात्र मी पहिल्यापासून पाळत आलो. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या वावरात पाय ठेवायचा नाही, मग तो एकरभराचा धनी असो की पन्नास एकरांचा.

मला एचआयव्ही आहे. सात वर्षं झाली. कसा झाला हा प्रश्न सगळ्यांना आधी पडतो, वाचणाऱ्यालाही पडेल, आणि त्याचं उत्तर मी देणार नाही. तेवढंच हवं असेल त्यानं इथंच थांबावं.

बायकोला मी कळलं त्याच दिवशी सांगितलं होतं. तिची तपासणी झाली, तिला नव्हता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "गोळी कोनत्या टायमाले घ्याची हाये?" आमच्या घरात या विषयावर झालेली सगळी चर्चा एवढीच. त्यानंतर रोज जेवण झालं की मी गोळी घेत गेलो. दिवसाला एकच गोळी. औषध आणायला खामगावला जातो, कारण मलकापुरात मला ओळखत नाही असा माणूस शोधावा लागेल. घरी आम्ही दोघं आणि अकोल्याला होस्टेलात शिकणारी मुलगी. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

वर्षाकाठी रक्तातला व्हायरस मोजतात. मोजण्याचा विषय निघाला की मी आपोआप सरळ बसतो. पहिल्या वर्षानंतरच रिपोर्टवर आलं की व्हायरस सापडत नाही. पुढच्या वर्षी तेच. त्या वेळी खामगावच्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "गोळी रोज चालू आहे आणि रक्तात तो सापडत नाही, असं सलग राहिलं तर नवरा-बायकोच्या संबंधातून तो पुढे जात नाही. आता भीती बाळगू नका." त्या दिवशी परत येताना एसटीत आम्ही दोघं नवीन लग्न झाल्यासारखे गप्प बसलो होतो. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. दोन वर्षांनी मला माझी बायको परत मिळाली, असं मला वाटलं. मला वाटलं ते खरंच होतं.

डॉक्टरबाईंच्या बोलण्यात दोन अटी होत्या. मी दुसरी डोक्यात ठेवली आणि पहिली सोडून दिली.

गेल्या वर्षी पुन्हा तोच रिपोर्ट आला आणि माझ्यातला कृषी सहायक जागा झाला. मी विचार केला, इतकी वर्षं कीड शून्य आणि फवारणी मात्र रोज. हे मी कुठल्या शेतकऱ्याला करू दिलं असतं? त्याला मी चारचौघांत झापलं असतं. शिवाय गरज नसताना औषध चालू ठेवलं की कीड त्याला सरावते, हे मीच तर सांगत फिरतो. उद्या खरंच व्हायरस वाढला आणि गोळी लागूच पडली नाही तर? त्यापेक्षा आता थांबावं, लक्ष ठेवावं, दिसला की पुन्हा सुरू करावं. मला हे इतकं बिनतोड वाटलं की कोणाला विचारावंसं वाटलं नाही. डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात, प्रत्येकाचं शेत त्या कुठं बघायला जातात, असंही मनात येऊन गेलं. अक्कल गहाण पडते तेव्हा ती पडलीय हे कळायलाही थोडी लागते. तेवढीही माझ्याकडे उरली नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी गोळी बंद केली. बायको समोर असली की गोळी तळहातावर घ्यायचो, पाणी प्यायचो आणि गोळी खिशात सोडायचो. खामगावला औषध आणायला जाताना बाटली सोबत न्यावी लागते, उरलेल्या गोळ्या तिथे मोजतात. मी जाण्याआधी बाटलीतल्या जास्तीच्या गोळ्या काढून खिशातल्यांसोबत मोटारसायकलच्या डिक्कीत लपवल्या. मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका म्हणून गावोगाव सांगणारा मी, मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ टाकून आलो. तेव्हा लाज वाटली नाही. मी एक प्रयोग करतोय आणि प्रयोग संपला की सांगेन, असं मी स्वतःला समजावलं होतं. लक्ष ठेवायचं म्हणजे बाहेर कुठंतरी रक्त तपासायचं, तेही आज-उद्या करत राहून गेलं.

महिनाभरानं दोन दिवस ताप आला, घसा धरला. गावागावात तापाची साथ होतीच. मग दाढी करताना जबड्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागली. तशीच एक काखेत. बायकोनं विचारलं तर दाढ दुखते म्हणालो. तेवढ्यात तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती दुसरबीडला माहेरी गेली.

ती तिकडे असतानाच एका गावात बोंडअळीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. शेत एका म्हाताऱ्या बाईचं. नवरा जाऊन वीसेक वर्षं झाली असतील, तेव्हापासून वावर तीच बघते, आणि माझी फिरकी घेतल्याशिवाय तिला चहा जात नाही. मी तिला विचारून बांधावरून आत उतरलो. दहा-पंधरा माणसं भोवती जमली. आजीनं सापळ्याची प्लास्टिकची पिशवी उघडून सगळ्यांना दाखवली.

"पाहून घ्या साहेब. चार दिवस झाले, एकबी पाखरू नाई. तुमीच सांगतलं व्हतं ना, पाखरू नाई तं फवारू नका. मंग आता काऊन आले बोंडं फोडाले?"

लोक हसले. मी तिच्याच झाडाचं एक बोंड तोडलं. हिरवं, टणक, डाग नाही. दोन बोटांत धरून फोडलं तर आत कच्ची सरकी खात गुलाबी अळी बसलेली. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. तिसऱ्यातही होती.

"आजी," मी म्हणालो, "सापळा काठीवर टांगलेला असतो. त्यात उडणारं पाखरू सापडतं. बोंडाच्या आत काय चाललंय ते सापळ्याला कळत नाही. सापळ्यात नाही म्हणजे वावरात नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मंग आली कुठून हे?"

"मागच्या सालच्या कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या ना चुलीसाठी? त्यातल्या अडकलेल्या बोंडांत झोपून होती. यंदा कपाशी फुलावर आली आणि ती उठली."

पुन्हा हशा झाला, या वेळी आजीवर. तीही हसली आणि म्हणाली, "हाव रे बाप्पा, तुमी जितले." चहा आला. मी दोन कप प्यायलो, हजेरीवर सह्या घेतल्या आणि निघालो.

हायवेला कापसाच्या गाडीमागे अडकलो. ओव्हरटेक करायला जागा नव्हती, म्हणून हळूहळू तिच्या मागे जात होतो. गळ्याशी खाजलं म्हणून हात वर नेला. गाठ हाताला लागली आणि अर्ध्या तासापूर्वी मीच मोठ्या आवाजात बोललेलं सगळं मला ऐकू आलं. मी गाडी कडेला घेतली. माझं काय होईल हा विचार त्या वेळी आलाच नाही, हे मी स्वतःची बढाई म्हणून सांगत नाही. एकच गोष्ट डोळ्यांसमोर होती. पोळ्यापासून ती माहेरी जाईपर्यंत माझी बायको माझ्याजवळ झोपली होती, निर्धास्त, कारण मी गोळी घेतोय हे ती रोज बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खामगावला गेलो आणि डिक्कीतल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ओतल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी गळा तपासला, काख तपासली, रक्त घ्यायला सांगितलं आणि मग विचारलं, "का थांबवलं?" मी माझा सगळा सिद्धांत त्यांना सांगितला. त्यांनी तो मध्ये न तोडता ऐकला, हे मी कधी विसरणार नाही.

"तुमचा विचार मूर्खपणाचा नाही," त्या म्हणाल्या, "पण शरीराला तो लागू नाही. आम्ही रक्तात मोजतो, कारण रक्त काढणं सोपं आहे. हा व्हायरस मुळात राहतो दुसरीकडे. या गळ्यातल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींत. आतड्याच्या अस्तरात. प्लीहेत, मेंदूतही. तो पेशीच्या आत शिरतो आणि तिच्या गुणसूत्रांत स्वतःची प्रत जोडून ठेवतो. अशा काही पेशी मग वर्षानुवर्षं नुसत्या पडून असतात. गोळी काय करते? व्हायरसची वाढ थांबवते. जिथं वाढच चालू नाही, तिथं ती काय थांबवणार? म्हणून या पेशी तिच्या हाती लागत नाहीत. त्यातली कुठलीतरी एक रोज कुठंतरी जागी होत असते. गोळी पोटात असली की तिचं पुढे काही चालत नाही. तुम्ही गोळी काढून घेतलीत."

"आणि औषधाला सरावण्याचं?"

"ते इथं उलटं आहे. वाढला तरच तो बदलतो. रोज गोळी असली की वाढत नाही, म्हणून बदलतही नाही. मध्येच सोडून, धरून, सोडून केलं की मात्र तो शिकतो."

"मग हा पूर्ण कधी जाणार?"

"आज तरी नाही. जगभर लोक त्याच झोपलेल्या पेशींच्या मागे लागलेत. जेव्हा जमेल तेव्हा मी तुम्हाला फोन करून बोलावीन." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरी किती दिवसांपूर्वी..?" मी सांगितलं. बायको माहेरी जाऊन बारा दिवस झाले होते. तीन दिवसांच्या आत कळलं असतं तर तिला महिनाभर औषध देऊन बचाव करता आला असता. आता तपासत राहणं एवढंच हातात होतं. ती परत आली की लगेच, मग दीड महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. "तुम्ही सांगणार की मी सांगू?" त्यांनी विचारलं. मी सांगेन म्हणालो, आणि बाहेर येऊन उगाच म्हणालो असं वाटलं.

ती परत आली त्या दिवशी ओट्याशी बसून अंबाडीची भाजी निवडत होती. माहेरच्या शेतातली आणली होती. मी समोर जाऊन बसलो आणि एका दमात सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, देठ एकीकडे.

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

बराच वेळ ती मनातल्या मनात दिवस मोजत राहिली. शेवटी देठांचा ढीग बाजूला सारून म्हणाली, "तुमी तं इचारल्याबिगर कोनाच्या वावरात पाय ठेवत नाई म्हनता. मंग माह्या जिवाचं मले इचारलं काऊन नाई?"

बाहेर लोकांच्या जमिनीला मान देत फिरायचं आणि घरात जी बायको आपल्यावर डोळे मिटून भरवसा ठेवते तिला शेतातल्या मातीइतकंही विचारायचं नाही, हे मी केलं होतं.

पहिली तपासणी निगेटिव्ह आली. त्याला काही अर्थ नाही, इतक्या लवकर ते कळतही नसतं, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. माझा रिपोर्ट मात्र स्पष्ट होता. व्हायरस पाच आकड्यांत गेला होता. मी गोळी पुन्हा सुरू केली, ती लागू पडेल की नाही ते आणखी काही महिन्यांनी कळणार होतं.

पुढचे तीन महिने वाट बघण्यात गेले. ती भांडली असती तर मी सुखी झालो असतो. ती भांडली नाही. डबा वेळेवर, कपड्यांना इस्त्री, मुलीचा फोन आला की दोघांचे आवाज गोड. अंथरूण तिनं दुसऱ्या खोलीत नेलं आणि कारण सांगितलं नाही. मी गोळी घेताना तिनं एकदाही वळून बघितलं नाही. पूर्वी नुसती नजर टाकायची, आता तीही नाही. तिला साधी शिंक आली तरी माझ्या हातातला घास तसाच राहायचा. एकदा तिला ताप आला. पॅरासिटामॉल घेऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी दारात उभा राहून तिचा श्वास ऐकत होतो आणि देवबीव न मानणारा मी कोणाकडे तरी मागत होतो, की हिला नको. माझं कर काय करायचं ते. ताप दुसऱ्या दिवशी उतरला.

दीड महिन्याची तपासणीही निगेटिव्ह आली. तिनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "अजून एक हाये."

तिसऱ्यांदा खामगावला गेलो तेव्हा उन्हं तापायला लागली होती. ती आत गेली. मी बाकावर बसलो. मी आयुष्यात इतकी बोंडं फोडलीत, पण आत काय निघेल याची भीती त्या दिवशी पहिल्यांदा कळली. ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाई हाये." मी तिथंच, माणसांनी भरलेल्या त्या व्हरांड्यात, तोंड झाकून रडलो. ती शेजारी बसली. एका बाईनं सरकून जागा दिली. आमच्याकडे कोणी टक लावून बघितलं नाही. तिथं बसणाऱ्यांना असं रडणं माहीत असतं.

माझाही कागद त्याच दिवशी मिळाला. रक्तात सापडत नाही, असं त्यावर पुन्हा लिहून आलं होतं. गोळीनं साथ सोडली नव्हती.

घरी आल्यावर ती पंख्याखाली बसली आणि माझा कागद तिनं मागून घेतला. दोनदा वाचला.

"म्हंजे गेला?"

"नाही," मी म्हणालो. "आहे. रक्तात दिसत नाही, पण आत आहे. कायमचा राहील."

"कुठं?"

मी जबड्याखाली बोट ठेवलं. गाठ आता लागत नव्हती. "इथं. काखेत. आतड्यात. अजून कुठं कुठं, ते डॉक्टरलाही बोट ठेवून दाखवता येत नाही."

तिनं हात लांब करून माझ्या गळ्याला लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. बोटांनी चाचपून बघितलं.

"दुखते?"

"नाही."

"दुखत नाई, दिसत नाई, पन हाये."

"हाव."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या रागाचंबी तसंच हाये. आज रिपोर्ट चांगला आला, मी बोलून राह्यली, हात लावून राह्यली. म्हनून तो गेला असं समजू नका. कदी उठन, मलेच माहीत नाई. तुमी आपलं रोज नीट वागत राहा."

मी हो म्हणालो. हात तिनं काढून घेतला नाही.